नेब्रास्काचे चाक

"आत जायला परवानगी आहे," गाडीच्या खिडकीपासून हातभर लांब उभी राहून सार्जंट नोलीन ब्रॅडी म्हणाली. "बाहेर यायला नाही."

"कधीपर्यंत?" कादंबरी पोंक्षेने विचारले.

"वरून कळवतील तेव्हा."

शेजारच्या सीटवर दत्तप्रसादने डोळे मिटून घेतले. तो पुण्याहून या मावसबहिणीकडे पंधरा दिवसांसाठी आला होता, मार्चमध्ये. आता ऑगस्ट संपत आला होता. आधी विमाने बंद झाली, मग राज्यांच्या सीमा बंद झाल्या. एका खंडात अडकलेला माणूस आता त्यातल्या एका गावात अडकायला निघाला होता. त्याच्याजवळ एकच स्वेटर होता आणि तोही कादंबरीचा.

"ताई, अजून यू-टर्न मारता येईल," तो मराठीत पुटपुटला.

"सुमेधाला शब्द दिलाय." कादंबरीने गाडी आत घातली. मागे सार्जंटने रस्त्यावरचा आडवा दांडा खाली केला. त्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण दत्तप्रसादला तो बराच वेळ ऐकू येत राहिला.

कादंबरी ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये राहायची. तिच्याकडे खाजगी तपासनीसाचा रीतसर परवाना होता. एरवी तिचे काम म्हणजे पाठदुखीचा विमा मागून ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्यांचे फोटो काढणे. महामारीत लोक घरातच उड्या मारू लागले आणि धंदा बसला. अशात डॉक्टर सुमेधा आगटेचा फोन आला. मराठी मंडळाच्या एका दिवाळीत दोघींची ओळख झाली होती. चकल्या कच्च्या आहेत यावर त्यांचे एकमत झाले आणि मैत्री टिकली.

"माझ्यावर चोरीचा आळ आलाय," सुमेधा फोनवर म्हणाली होती. "चाक चोरल्याचा."

"गाडीचं?"

"गावाचं."

हे गाव म्हणजे नेब्रास्का. अमेरिकेतले नव्हे, क्वीन्सलँडमधले. टूवूंबापासून नैर्ऋत्येला अर्धा दिवस गाडी हाकली की एक टेकडी लागते, टेकडीखाली एकच रस्ता लागतो आणि रस्त्याच्या शेवटी नदी. नदीपलीकडे न्यू साउथ वेल्स राज्य. पुलावर पोलीस, टेकडीवर पोलीस, मध्ये गाव. वेशीवरच्या फलकावर गावाचे ब्रीदवाक्य होते: 'आम्ही थांबलो.'

एका ट्रकवाल्याने गावातल्या बेकरीत मटणाचा पॅटिस खाल्ला आणि पुढे जाऊन तो पॉझिटिव्ह निघाला. गुरुवारी गाव बंद झाले. शनिवारी रात्री गावच्या म्युझियममधून चाक नाहीसे झाले. दोन्ही टोकांना प्रत्येक गाडीची डिकी उघडून बघत होते, तेव्हा चाक गावातच असणार. सार्जंटने शेड, गोठे, पाण्याच्या टाक्या, चर्चचा पोटमाळा, सगळे धुंडाळले. चाक नव्हते.

सुमेधाचे घर दवाखान्याच्या मागेच होते. जाळीच्या दारातून आत छोटा गणपती दिसत होता. नदीकाठच्या मातीचा, हाताने केलेला. कान जरा जास्तच मोठे झाले होते.

"विसर्जन कुठे करणार?" दत्तप्रसादने विचारले.

"बादलीत. नदीत सोडला आणि मधोमध गेला तर दुसऱ्या राज्यात जाईल. त्याला चौदा दिवस क्वारंटाईन लागेल." सुमेधा हसली नाही. तिचे डोळे सुजलेले होते. "या, बाहेरच बसू. आत बसलो तर सार्जंट तोही गुन्हा लिहून घेईल."

व्हरांड्यात लांब लांब बसून तिने सांगितले. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला इथे आधी वर्षानुवर्षे खेड्यात काम करावे लागते. नवरा हृषिकेश ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत. सीमा बंद, म्हणून सहा महिने भेट नाही. कायम राहण्याचा अर्ज शेवटच्या टप्प्यात.

"सार्जंटचा अहवाल सोमवारी वर जाणार. त्यात माझं नाव संशयित म्हणून गेलं की मेडिकल बोर्ड मला लगेच थांबवणार, आणि तिकडे अर्ज अडकणार. मग ना मी इथली डॉक्टर, ना हृषिकेशकडे जायची सोय."

"पण तुझ्यावरच संशय का?"

"त्या म्युझियमचा हॉल मला कोविड-टेस्टिंगला हवा होता. गावात तेवढीच एक मोठी, हवेशीर जागा. मी कौन्सिलला लिहिलं, त्यांनी किल्ली दिली. गावाला वाटतं, मला चाक उचलून बाहेर टाकायचं होतं. परवापर्यंत मला लिंबं आणून देत होते, आता फुटपाथ बदलतात."

"एवढ्यावरून?"

सुमेधा जरा घुटमळली. "आणि छत्री."

"कसली छत्री?"

"शनिवारी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मी घरी येत होते. छत्री उघडून, मान खाली घालून. म्युझियमवाल्या मार्जरीने पाहिलं. आभाळात ढग नाही, तीन वर्षं गावात धड पाऊस नाही, आणि डॉक्टरीणबाई छत्रीखाली तोंड लपवून चालल्यात."

"शनिवारी..." दत्तप्रसादच्या डोक्यात उजेड पडायला नेहमी वेळ लागे, पण इथे तोही दचकला. "गणेशचतुर्थी! सुमेधाताई, तुम्ही चंद्र चुकवत होतात?"

"माझा विश्वास नाहीये रे. पण आईने फोनवर तीनदा बजावलं. म्हटलं, यंदा अर्ज आहे, रिस्क कशाला?"

"चतुर्थीचा चंद्र पाहिला तर चोरीचा खोटा आळ येतो," दत्तप्रसाद गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही तो पाहिला नाहीत, तरी आला. छत्रीला भोक होतं का?"

"दत्तू," कादंबरी म्हणाली.

"नाही, तांत्रिक प्रश्न आहे."

"हे तू सार्जंटला सांगितलंस?" कादंबरीने सुमेधाला विचारले.

"काय सांगू? चंद्र पाहिला की चोर ठरतात, म्हणून छत्री घेतली होती? चोरीच्या चौकशीत हे इंग्रजीत सांगून बघ एकदा."

कादंबरीने बघितले नाही. ती उठली. "रात्री पुन्हा बाहेर पडलीस?"

"नाही. आरती केली, व्हिडिओवर हृषिकेशने टाळ्या वाजवल्या, जेवले, झोपले. साक्षीला फक्त हा," तिने गणपतीकडे हात केला. "आणि केव्ह डॉयल म्हणतो, त्याने मला चाक ढकलत नेताना डोळ्यांनी पाहिलं."

म्युझियम म्हणजे पत्र्याचा एक लांब हॉल होता. मार्जरी पिकेट दारातच उभी होती. सत्तरीच्या पुढची, ताठ, मास्कवर चाकाचे भरतकाम केलेले. गावाचा संस्थापक एझ्रा पिकेट तिचा पणजोबा.

"आमच्या गावाचा इतिहास माहीत आहे का?" तिने विचारले.

"नाही," कादंबरी म्हणाली. दत्तप्रसादने खुर्ची शोधली.

इतिहास असा: अमेरिकेतल्या नेब्रास्काचा एझ्रा पिकेट सोने शोधायला ऑस्ट्रेलियात आला. सोने पूर्वेला होते, तो पश्चिमेला गेला. बायकोने वाटेत दोनदा सांगून पाहिले. या नदीच्या उतारावर त्याच्या बैलगाडीचे मागचे चाक दगडावर आपटून तुटले. दुरुस्त करायला हत्यारे नव्हती. एझ्रा खाली उतरला, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, 'थांबू या.' तेच गाव.

"म्हणजे सगळं गाव एका पंक्चरवर उभं आहे," दत्तप्रसाद मराठीत म्हणाला.

"काय म्हणतात हे?" मार्जरीने विचारले.

"फार प्रेरणादायी आहे म्हणतात," कादंबरी म्हणाली. "आणि चाक तेव्हापासून इथेच?"

"तेव्हापासून. पन्नासच्या दशकात महापूर आला, पाणी या पत्र्यापर्यंत. चर्चची घंटा वाहून गेली. पियानो गेला. बँकेची लोखंडी तिजोरी तर नदीने पार खाली नेऊन टाकली, ती आजवर सापडलेली नाही. अर्ध्या गावाने सामान बांधलं होतं. माझ्या आईनेसुद्धा. आम्ही ब्रिस्बेनला जाणार होतो. मी लहान होते, पण माझी टोपी कोणती घालायची ते ठरलं होतं." तिने मास्क सरळ केला. "आणि मग केव्हच्या आजोबांना चाक सापडलं. इथेच, याच जागी, चिखलात. जसंच्या तसं. ते म्हणाले, चाक गेलं नाही, तर आपण का जायचं? सगळे थांबले."

"तुम्हीही."

"मीही."

कादंबरी भिंतीकडे बघत होती. भिंतीचा निळा रंग उन्हाने उडाला होता. फक्त चाक टेकवून ठेवले होते तिथे गडद निळा गोल राहिला होता, जमिनीपासून वरपर्यंत.

"दत्तू, तिथे उभा राहा. बूट काढून."

"थंडी आहे."

"उभा राहा."

तो गोलासमोर उभा राहिला. गोलाची वरची कड बरोबर त्याच्या खांद्याला आली.

"यंदा गावाला दीडशे वर्षं," मार्जरी सांगत होती. "मिरवणूक रद्द झाली. पण युनिव्हर्सिटीतल्या बाईंनी चाकाचं वय काढायचं ठरवलं होतं. लाकडाचा वाटाण्याएवढा तुकडा हवा होता त्यांना. गाव उघडलं की येणार होत्या. तपासून झालं की सरकारी वारसा यादीत नाव लागलं असतं."

"ही गोष्ट कोणाकोणाला माहीत होती?"

"अहो, नेब्रास्का आहे हे. इथे कोणाला काय माहीत नसतं?"

"आणि किल्ली?"

"एक डॉक्टरकडे. दुसरी दारातल्या सिमेंटच्या बेडकाखाली. पण ती गुप्त आहे."

"किती जणांना गुप्त आहे?"

मार्जरीने विचार केला. "गावातल्यांनाच फक्त."

गावात राहायची सोय एकाच ठिकाणी होती, केव्ह डॉयलच्या पबमध्ये वरच्या मजल्यावर. केव्ह हा लालबुंद चेहऱ्याचा, मोठ्या हातांचा माणूस. तो सगळ्यांना 'मेट' म्हणे आणि दर वाक्यानंतर 'नो वरीज' म्हणे, कोणालाही काळजी नसली तरी.

पब आतून बंद होता. मागच्या अंगणात शेकोटीभोवती लांब लांब खुर्च्या मांडल्या होत्या. जमिनीवर एक मोठे लोखंडी कडे, त्यात निखारे, आणि भोवती निम्मे गाव बिअर घेऊन बसलेले. विषय एकच होता: चाक कुठे असेल?

"विहिरीत," एक म्हणाला.

"विहीर पाहिली. मला वाटतं पुरलंय."

"डॉक्टरीण एकटी खड्डा खणेल?"

"ती बाळंतपणं करते रे. मनगटात जोर असतो."

कादंबरी येताच गप्पा थांबल्या आणि सगळे निखाऱ्यांकडे बघू लागले. दत्तप्रसाद मात्र थेट शेकोटीपाशी गेला आणि गोठलेले पाय कड्याजवळ नेऊन त्याने डोळे मिटले. ऑस्ट्रेलियात आल्यापासून तो पहिल्यांदाच सुखी दिसत होता. सुख फार टिकले नाही.

"आई गं!" त्याने बूट उचलला. तळव्यात एक काळपट स्क्रू घुसला होता. कादंबरीने तो उपटला, पुसला, त्याच्या डोक्यावरची अधिकचिन्हासारखी खाच पाहिली आणि खिशात टाकला.

"सॉरी, मेट," केव्ह म्हणाला. "कुंपणाचे जुने खांब जाळतो आम्ही. नो वरीज."

स्वयंपाकघराच्या मागे कोंबड्या पाणी पीत होत्या. पाण्याचे भांडे म्हणजे अर्धा कापलेला लोखंडी पिंप. त्याचा आतला भाग काजळीने काळाकुट्ट होता. दत्तप्रसादला कोंबड्यांची दया आली. कादंबरी पिंपाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

"शनिवारी रात्री काय पाहिलंत?" तिने केव्हला बाजूला घेऊन विचारले.

"मला बोलायला आवडत नाही हं. डॉक्टर चांगली आहे. पण खोटं कसं बोलू? मध्यरात्र उलटली होती. मी फाटक लावायला बाहेर आलो, तर ही बाई रस्त्यावरून चाक ढकलत चालली होती, नदीच्या दिशेने."

"रस्त्यावरचा दिवा चालू होता?"

"छे. एकच आहे, त्याचा बल्ब मार्चपासून यायचाय."

"मग तीच होती कशावरून?"

"चांदणं होतं ना! चंद्र डोक्यावर, रस्ता दुधासारखा. तिचा चेहरा स्वच्छ दिसला. शपथेवर सांगेन."

"सार्जंटला असंच सांगितलंत?"

"शब्द न् शब्द."

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर एक जुना फोटो होता. चिखलात बरबटलेला एक म्हातारा, दोन्ही हातांत चाक धरून उभा. म्हाताऱ्याचे हात केव्हसारखेच मोठे होते.

"आजोबा?" कादंबरीने विचारले.

"आजोबा." केव्हने मान वर केली. "या गावात माणसं आहेत ती त्यांच्यामुळे."

रात्रभर दत्तप्रसाद कुडकुडत होता. सकाळी नाश्त्याला त्याने आपला निष्कर्ष सांगितला.

"ताई, मार्जरीने चोरलं. तिला ब्रिस्बेनला जायचं होतं. सत्तर वर्षांचा राग."

"वाईट नाही. मग चाक कुठे आहे?"

"तिने खाल्लं नसेल, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो."

"तू काल संध्याकाळी त्याच्यापासून एका पावलावर होतास," कादंबरी म्हणाली आणि टोस्टला लोणी लावू लागली. दत्तप्रसादने आपल्या खुर्चीखाली वाकून पाहिले.

दुपारी कादंबरीने सगळ्यांना पबच्या अंगणात बोलावले. सार्जंट नोलीन वही न घेता आली. तिचे मत आधीच तयार होते. मार्जरी आली. सुमेधा दवाखान्यातून तशीच बॅग घेऊन आली आणि सगळ्यांपासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसली. शेकोटी विझलेली होती. केव्ह हात पुसत दारात उभा राहिला.

"सार्जंट," कादंबरीने सुरुवात केली, "डॉक्टरविरुद्ध तुमच्याकडे तीन गोष्टी आहेत. हॉल रिकामा हवा होता. किल्ली होती. आणि केव्हने पाहिलं."

"आणि छत्री," मार्जरी म्हणाली.

"छत्रीपासूनच सुरू करू. शनिवारी आमची गणेशचतुर्थी होती. त्या एका संध्याकाळी आमच्याकडे चंद्र बघत नाहीत. बघितला तर चोरीचा खोटा आळ येतो, अशी समजूत आहे."

सार्जंटने सुमेधाकडे पाहिले. "हे मला का नाही सांगितलं?"

"आत्ता तुमचा चेहरा झालाय ना," सुमेधा म्हणाली, "तो होईल म्हणून."

"समजूत खरी की खोटी ते सोडा," कादंबरी म्हणाली. "चंद्र खरा आहे. ही चतुर्थी अमावास्येनंतरची चौथी तिथी. चंद्राची नुसती कोर. सूर्य मावळला की पश्चिमेला दिसते आणि रात्रीची भांडी घासून होईपर्यंत मावळते. आमच्या प्रत्येक घरात हे ठाऊक असतं, कारण चंद्र चुकवायचा तर तो कधी असतो ते माहीत हवं. म्हणून डॉक्टरने छत्री उघडली ती दिवेलागणीला. मध्यरात्री छत्री लागत नाही. मध्यरात्री चंद्रच नसतो."

कादंबरी दाराकडे वळली.

"केव्हने मध्यरात्रीनंतर, डोक्यावरच्या चंद्राच्या दुधासारख्या उजेडात डॉक्टरचा चेहरा पाहिला. रस्त्यावरचा दिवा मार्चपासून बंद. त्या रात्री त्या रस्त्यावर स्वतःचा हात दिसला नसता."

"मग दिव्याने... मोबाईलने..." केव्ह म्हणाला.

"तुम्ही शब्द न् शब्द चंद्र सांगितलात."

सार्जंटने फोन काढला आणि बोटाने काहीतरी शोधले. "साडेनवाच्या आत मावळला होता," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे केव्ह खोटं बोलला," कादंबरी म्हणाली. "माणूस उगाच खोटं बोलत नाही. डॉक्टरकडे बोट दाखवायची घाई त्यालाच, ज्याच्याकडे बोट वळू शकतं. म्हणून मी चाक इथे शोधलं. दत्तू, आडवा हो."

"कुठे?"

"शेकोटीत. कड्याच्या कडेला टाचा टेकव."

दत्तप्रसादने एकदा आभाळाकडे, एकदा राखेकडे आणि एकदा स्वेटरकडे पाहिले. मग तो थंड राखेत आडवा झाला. टाचा एका कडेला टेकल्या. कड्याची दुसरी बाजू बरोबर त्याच्या खांद्याखाली आली.

"म्युझियमच्या भिंतीवरचा गोलही इथपर्यंतच होता," तो राखेतूनच म्हणाला. मग त्याला समजले. "अरे बापरे. हे चाक आहे!"

"चाकाची लोखंडी धाव आहे. शनिवारी रात्री चाक इथे आडवं टाकलं, वर लाकडं रचली आणि पेटवलं. लाकूड जळून गेलं, धाव जागेवर राहिली. त्याआधी इथे शेकोटीला अर्धा पिंप होता. तो आता कोंबड्यांकडे आहे, काजळीसकट. कोंबड्या शेकोटी करत नाहीत."

"म्हणजे आम्ही इतके दिवस..." सार्जंटला वाक्य पूर्ण करवेना. ती रोज संध्याकाळी याच कड्यावर बूट टेकवून तपासाची दिशा ठरवत आली होती.

"पण का?" मार्जरी उभी राहिली होती. "केव्ह, तू? तुझ्या आजोबांनी वाचवलेलं चाक?"

कादंबरीने खिशातून स्क्रू काढून खुर्चीवर ठेवला. "हा या राखेत होता. डोक्यावरची खाच बघा. एझ्रा पिकेटच्या काळात असा स्क्रू जगात कुठेच नव्हता, तो पुढच्या शतकातला. कुंपणाच्या खांबांना खिळे आणि तारा असतात, असे स्क्रू कोणी मारत नाही. मग मला तुमचा पूर आठवला, मार्जरी. घंटा गेली, पियानो गेला, लोखंडी तिजोरीसुद्धा गेली. आणि तरंगणारं लाकडी चाक जागचं हललं नाही?"

मार्जरी हळूहळू खाली बसली.

"खरं चाक पुरातच वाहून गेलं होतं," कादंबरी म्हणाली. "चिखलात सापडलं ते नवीन होतं. युनिव्हर्सिटीच्या बाईंनी वाटाण्याएवढा तुकडा नेला असता आणि चाकाचं खरं वय निघालं असतं."

केव्हने हातातला फडका घडी घालून दारावर ठेवला. तो मोठा माणूस एकदम लहान दिसू लागला.

"त्यांनी शेडमध्ये केलं," तो म्हणाला. "एका जुन्या गाडीचे तुकडे घेऊन. आजीने मरताना मला सांगितलं. गाव चाललं होतं, मेट. गाड्या भरल्या होत्या. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी लोकांना थांबवलं. आता सगळ्यांना कळलं असतं की फसवून थांबवलं."

"मला," मार्जरी म्हणाली. "मला फसवून थांबवलं." ती कड्याकडे बघत होती. "दर वर्षी मी त्यांच्या थडग्यावर गुलाब ठेवते, केव्ह. स्वतःच्या बागेतले."



"आणि मी?" सुमेधाने लांबूनच विचारले. आवाज चढलेला नव्हता. "मी काय केलं होतं?"

"काही नाही, डॉक." त्याला तिच्याकडे बघवेना. "मला वाटलं, तू जाणारच आहेस. इथे आलेले डॉक्टर सगळे जातात. आज ना उद्या गेली असतीस, तुझ्याबरोबर गोष्टही गेली असती. आम्हाला तर इथेच राहायचंय."

"मलाही इथेच राहायचंय. मला जाताच येत नाही. तू जे सांगितलंस, त्याने मला नुसतं जायला लागलं नसतं, जायला कुठे जागाच उरली नसती."

सार्जंट नोलीनने घसा खाकरला. तिने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की, सोमवारच्या अहवालातून डॉक्टर आगटे यांचे नाव पूर्ण काढावे, हो, पूर्ण, नाही, चाक सापडले आहे, त्यावर बसलो होतो. पलीकडून बहुधा तिला पुन्हा सांगायला लावले. तिने पुन्हा सांगितले.

सुमेधाने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला, आणि ती रडणार असे दत्तप्रसादला वाटले. पण डोळे उघडले तेव्हा ती केव्हकडे बघत होती. त्याचा लाल चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम होता. एक हात दाराच्या चौकटीवर घट्ट होता.

"छातीत दुखतंय?" तिने विचारले.

"नाही. जरासं. नो व..."

"खाली बस."

"डॉक, तू कशाला? माझ्यासाठी कशाला?"

"बस म्हटलं ना."

ती बॅग घेऊन इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांच्या मधून चालत गेली. कोणी खुर्ची मागे सरकवली नाही. तिने त्याची बाही वर केली, पट्टा गुंडाळला, कानात नळ्या घातल्या आणि फुगा दाबू लागली. मागे सगळे एकदम बोलायला लागले होते. चाकाचे आता काय, फलकाचे काय, युनिव्हर्सिटीच्या बाईंना काय सांगायचे, चूक कोणाची होती.

"गप्प बसा सगळे," सुमेधा म्हणाली. "मला ऐकू येत नाहीये."

आणि नेब्रास्का गप्प बसले.